श्वासाची पकड

"सावकाश. आजची ही शेवटची पेशी," मॅडम म्हणाल्या.

हेमांगीने केसाहून बारीक टोकाची काचेची नळी उंदराच्या हृदयपेशीला टेकवली आणि नळीला जोडलेली रबरी ट्यूब ओठांत धरली. आता हलकेच श्वास ओढायचा. कमी पडला तर पेशी चिकटत नाही, जास्त झाला तर फाटते. सहा महिने ती फाटतच होती, आणि आजही फाटली तर संशोधनाचा हा विषय सोडावा लागणार होता.

तिने क्षणभर डोळे मिटले. लग्नघरी सूर न तोडता सनई वाजवणाऱ्या बापूंचे फुगलेले गाल समोर आले. "श्वासाला ओढू नये, पोरी," ते म्हणायचे, "त्याला येऊ द्यावं."

तिने येऊ दिला. ओठाला ओली पाकळी चिकटावी तशी पेशी चिकटली. मग तिने विजेचा इवलासा झटका दिला, आणि पडद्यावरची सरळ रेघ खाली झुकली, हळूहळू वर आली.

"उघडलं गं पेशीचं दार! कॅल्शियम आत गेलं, आणि आत गेलेल्यानेच दार परत लोटून घेतलं," मॅडम तिचा खांदा दाबत म्हणाल्या. "असा श्वास धरायला शिकलीस कुठे?"

वडिलांचा व्यवसाय म्हणून आजवरच्या प्रत्येक फॉर्मवर तिने 'शेती' लिहिलं होतं. शेत कधी नव्हतंच.

"बापूंकडे," ती म्हणाली. मग शेजारच्या टेबलावरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाली, "माझे बापू सनई वाजवतात, मॅडम. लग्नात, मांडवाच्या दाराशी बसून."