टाळ्या

जळक्या टायरचा वास नाकात शिरला आणि नोक्वान्डा पुन्हा सोळा वर्षांची झाली. सोवेटोच्या चौकात गरगर फिरणारी लाल गाडी, ती चालवता चालवता खिडकीतून अर्धा बाहेर लटकलेला म्झिलेनी, आणि टाळ्या पिटून हात लाल करणारी ती.

शेजारी उभी असलेली अनोळखी पोरगीही आज तशाच टाळ्या पिटत होती. "मावशी, तो बघा माझा लुंगेलो! मी टाळी वाजवली की स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडतो!"

"माझाही सोडायचा गं."

"मग? लग्न केलंत त्याच्याशी?"

"केलं की. पुढे आमच्या पोरालाही अशी गाडी फिरवायला त्यानंच शिकवलं."

"अय्या! मग तुमचा पोरगा का नाही आज गाडीत?"

"त्याचीच तर मयत आहे, बाळ. दोस्त गाड्या फिरवून निरोप देतायत त्याला."

गाडी पुन्हा वळली, लुंगेलो खिडकीतून बाहेर झुकला. टाळीसाठी उचललेले पोरीचे दोन्ही हात नोक्वान्डानं घट्ट धरून ठेवले.