चौथा पाय

साल शहाऐंशी. एप्रिलमधली दुपार होती, सासरे आतल्या खोलीत घोरत होते, आणि सुनेच्या हातात त्यांची करवत होती.

समोर हॉलमध्ये कुंड्यांची नवी मांडणी उभी होती. तीन फळ्या, चार पाय, कडा रंधून गुळगुळीत केलेल्या. सासऱ्यांनी आठ दिवस खपून ती केली होती. दिसायला देखणी, पण हात लावला की डुगडुगायची. सुनेने शिवणाची टेप आणून चारही पाय मोजले. तीन सारखे. चौथा बोटभर लांब.

तिने पुन्हा मोजून पाहिला. तेवढाच.

सासऱ्यांचा जन्म सुतारकामात गेला होता. हिवाळ्यात पटाशी निसटून त्यांच्या अंगठ्याला सात टाके पडले, तेव्हापासून तिच्या नवऱ्याने धोशा लावला होता, की हत्यारांची पेटी घरातून जायला हवी. महिनाभर वाद झाले. शेवटी बापलेकांचं ठरलं. बाबांनी गॅलरीसाठी एक मांडणी करायची. धड झाली तर पेटी राहील. नाही झाली तर सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेला जाईल.

"आणि मध्ये कुणी नाक खुपसायचं नाही," सासऱ्यांनी सुनेलाही बजावलं होतं. "मी कधी तुझ्या ब्लाउजच्या बाह्या बेतायला आलोय का?"

"आलात तर गिऱ्हाइकं पळून जातील, बाबा!" ती म्हणाली होती, आणि दोघंही खूप हसली होती.

ती घरीच शिवणकाम करायची. दोन बाह्यांत दोऱ्याएवढा फरक पडला तरी उसवून पुन्हा शिवायची. इथे तर बोटभर फरक! बाबांची नजर गेली, असंच तिला वाटलं. पण म्हाताऱ्या माणसाला उठवून 'तुमचं चुकलं' म्हणायला तिची जीभ रेटेना. नवरा सहाला यायचा होता. त्याने नुसता हात लावला असता तरी पेटी गेलीच म्हणून समजा.

तिने मांडणी आडवी केली, पायावर गुडघा रोवला आणि करवत चालवली. करवत दोनदा अडकली. कापलेलं टोक तिने काचपेपरने घासलं, भुसा पदरात गोळा केला, तुकडा कचऱ्यात टाकला. मांडणी उभी करून पाहिली. आता ती तसूभरही हलेना. तिला रडू येईल इतकं हायसं वाटलं.

सासरे उठून चहा घेत होते, तेवढ्यात नवरा आला. चपला काढता काढताच म्हणाला, "चला बाबा, बघू तुमची करामत."

बापलेकांनी मांडणी उचलून गॅलरीत नेली आणि सासऱ्यांनी दाखवलेल्या कोपऱ्यात ठेवली.

एक पाय अधांतरी राहिला.

पाणी जायचं भोक त्याच कोपऱ्यात होतं. फरशी तिथे खोलगट होती. सुनेने ती फरशी अकरा वर्षं रोज धुतली होती. पाणी कुठे पळतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चौथा पाय त्या खोलगट जागेसाठी होता.

सासरे खाली वाकले. पायाच्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग मान वर करून एकदाच सुनेकडे पाहिलं.

तिने तोंड उघडलं.

"माप चुकलं माझं," सासरे म्हणाले. "वय झालं आता."

नवऱ्याने पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवली. "ठरलं होतं ना आपलं, बाबा," तो हळूच म्हणाला. सुनेचे कान तापून लाल झाले होते. जेवताना सांगू, असं तिने ठरवलं. मग उद्या सांगू. तो बुधवार होता. पेटी दाराशी आणून ठेवली होती, आणि ती रोज तिला वळसा घालून ये-जा करत राहिली. रविवारी शाळेचा माणूस आला. सासरे त्याला म्हणाले, "कडी सैल आहे. खालून धर."

सासरे त्यानंतर पाच वर्षं जगले. पेटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. दुपारी टेबलाच्या कडेवर बोटं फिरवत बसायचे. सुनेशी त्यांचं वागणं जराही बदललं नाही. उलट आल्यागेल्याला तिची शिवण उलगडून दाखवायचे, "बघा, दोन्ही बाह्या कशा एकसारख्या!" त्यांच्या मनात टोमणा नसायचा. म्हणूनच ते तिला जास्त लागायचं. मांडणी मात्र टिकली. पुठ्ठे तेवढे बदलावे लागले. सुनेने साठी उलटल्यावर शिवणयंत्र भाचीला देऊन टाकलं. नवरा निवृत्त झाला. पुढे त्याचेही हात थरथरू लागले. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायचा.

एका सकाळी कुंड्यांना पाणी घालता घालता तिने त्याला सगळं सांगून टाकलं. करवत, काचपेपर, पदरातला भुसा, काही लपवलं नाही.

त्याने वाकून पायाखालचा पुठ्ठा चाचपला.

"बाबांनी इतकं वाकडं जन्मात कापलं नसतं," तो म्हणाला. "मला तिथंच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून रविवारपर्यंत थांबलो होतो."