उल्हासचे गार हात

सुगंधाने तळहात ठेवला की पिशवीखालच्या पडद्यावरचा आकडा हळूच वर चढायचा. त्या पारदर्शक पिशवीत, कोमट खारट पाण्यात, तिची लेक वाढत होती. आईच्या पोटात जिवाला धोका होता म्हणून लेकीला हॉस्पिटलातल्या या पिशवीत हलवलं होतं. जन्माला अजून तीन महिने होते.

"आईला ओळखते बघ," सुगंधा म्हणायची.

तिच्या नवऱ्याने, उल्हासने हात ठेवला की तोच आकडा घसरायचा. दोनदा तसं झालं, तेव्हापासून बर्फाच्या कारखान्यातून थेट येणारा उल्हास हात खिशात घालून लांबच उभा राहायचा.

"पोरीला मी नकोसा वाटतो," आज तो बोलून गेला.

पावसकर सिस्टरांनी त्याच्या हाताला हात लावून पाहिला आणि त्या हसल्याच. "अहो, केवढे गार हात हे! पाण्यातून वीज किती वाहते, तो हा आकडा. पाणी गार झालं की तो उतरतो, मीठ मात्र तेवढंच असतं. मशीन तापमानाचा फरक काढूनच मीठ मोजतं. पडद्यावर तेवढा कच्चा आकडा येतो. बटण दाबून तोही दुरुस्त करते. मग कुणाच्याच हाताने हलणार नाही."

सुगंधाचा चेहरा पडला.

उल्हासने तिच्या हातातला चहाचा ग्लास घेतला. प्यायला नाही, नुसता दोन्ही हातांत धरून बसला. चहा निवल्यावर त्याने तळहात पिशवीवर टेकवला. आकडा हळूहळू चढू लागला.

"पाण्यामुळे होतंय, कळलं मला," हात न उचलता तो म्हणाला. "पण सिस्टर, ते बटण नका दाबू."