अजून वाढेल

“पायाचा नंबर काय रे तुझा?” मर्व्हने विचारलं.

“साडेआठ,” रायलन म्हणाला.

सात होता. त्याच्या आईनेच, टॅनिसने, त्याचे स्केट आणले होते. तिने मर्व्हच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

मर्व्ह मोठ्या संघासाठी पोरं हेरायचा. हिवाळाभर कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या गावागावांतल्या रिंकवर जायचं, आइस हॉकी खेळणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं बघायची आणि कुणाला न्यायचं ते ठरवायचं. आज दुपारच्या सामन्यात रायलनने दोन गोल मारले आणि मर्व्ह सरळ घरीच आला. आता स्वयंपाकघरात बसून बेरीच्या केकचा दुसरा तुकडा खात तो टॅनिसकडे बघत होता. चेहऱ्याकडे नाही, तिच्या मनगटांकडे, खांद्यांकडे. गुरांच्या लिलावात बघतात तसं.

“हात सोन्यासारखे आहेत पोराचे,” तो म्हणाला. “चकती काठीला चिकटूनच असते. डोकंही चालतं. पण तिकडे समोरून येणारे सहा फुटांच्या वरचे असतात. याला भिंतीवर पोस्टरसारखा चिकटवतील.”

“मी चुकवतो त्यांना,” रायलन म्हणाला.

“आज चुकवतोस. आज ती पोरंही तुझ्याच वयाची आहेत.” मर्व्हने बशी बाजूला सारली. “टॅनिस, स्पष्ट बोलतो. यंदा मला फॉरवर्ड हवाय तो एकच. लहानखुरं पोर नेलं की कोच विचारतो, शाळेची सहल आणलीस का? तेव्हा याची वाढ इथेच थांबणार असेल, तर केक छान झाला होता आणि मी निघतो. तुझे भाऊ किती उंच?”

“एकच भाऊ आहे. बेताचाच.”

मर्व्हने टोपी उचलली. रायलन टेबलावरच्या चुऱ्यावर बोट फिरवत राहिला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. अंगणातला बर्फ उपसून डेल आत आला. सवयीने चौकटीखाली वाकला आणि आत येऊन सरळ झाला. मर्व्हची टोपी हातातच राहिली.

“हे कोण?”

“माझे बाबा,” रायलन म्हणाला.

“सहा-तीन?”

“सहा-चार. मोज्यांवर,” डेल म्हणाला.

“अरे, मग हे आधी नाही का सांगायचं? मी मघापासून हिच्याकडे बघून हिशेब करतोय.” मर्व्ह परत बसला. “काही पोरं उशिरा उंच होतात. एका उन्हाळ्यात सगळ्या विजारी आखूड. तुझं कधी झालं?”

“सोळाव्या वर्षी.”

हे खरं होतं. डेलपुरतं खरं होतं. डेल तिच्या आयुष्यात आला तेव्हा रायलन रांगत होता. त्याआधी जो होता, रायलनचे डोळे आणि ते हात ज्याचे, त्याच्याशी बोलताना टॅनिसला कधी मान वर करावी लागली नव्हती. रायलनला हे सांगायचं राहून गेलं. आधी तो लहान म्हणून, मग शाळा सुरू झाली म्हणून, मग दरवर्षी हॉकीचा हंगाम चालू आहे म्हणून.

“बघ, रक्तातच आहे तुझ्या,” मर्व्ह रायलनच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. “सप्टेंबरात ये. राहायला एक घर बघून देतो. तिथल्या बाई पोटच्या पोरासारखं बघतात.”

रायलनने आईकडे पाहिलं. एवढं उजळलेलं तोंड तिने त्याचं आजच्या गोलांनंतरही पाहिलं नव्हतं.

“आणि नाही वाढला तर?” टॅनिसने विचारलं.

“आई, काय गं.”

“विचारतेय फक्त. तिथे जाऊन नाही वाढला तर काय करता पोरांचं?”

“बाकावर बसवतो थोडे दिवस,” मर्व्ह म्हणाला. “मग घरी पाठवतो. शाळा अर्धीच राहते बिचाऱ्यांची, हाडंही एखाद-दोन मोडलेली असतात. पण अशा बापाच्या पोराला कसली भीती?”

टॅनिसने ओट्याची कड धरली. वाक्य जिभेवर आलं होतं. एकच वाक्य होतं, पण ते बोललं की पोराचा संघही जाणार होता आणि त्याच वेळी बापही. तिने डेलकडे पाहिलं. तो बुटांचा बर्फ झटकत होता. बर्फ केव्हाच गळून गेला होता, तरी झटकत होता.

“तू गप्प का गं?” मर्व्ह हसला. “पोर लांब जाणार म्हणून? सगळ्या आयांचं हेच.”

“हो,” ती म्हणाली.

“बाबा, इकडे ये ना,” रायलन उठून म्हणाला. “पाठ लाव माझ्या पाठीला. मागच्या महिन्यात तुझ्या खांद्यालाही लागत नव्हतो. बघू दे यांना.”

दोघे पाठीला पाठ लावून उभे राहिले. मर्व्हने टेबलापलीकडून एक डोळा मिटून अंदाज घेतला. “आहे की,” तो म्हणाला. “चांगलाच वर आलाय.”

टॅनिस ओट्यापाशी होती, तिला ते दोघे बाजूने दिसत होते. बर्फात घालायच्या त्या ढगळ विजारीच्या आत डेलने हळूच गुडघे वाकवले होते. मांड्या थरथरत होत्या. त्याने डोळे मिटून घेतले होते.

“झालं का रे?” त्याने विचारलं.

“थांब ना जरा,” रायलन म्हणाला आणि टाचा न उचलता आणखी ताठ झाला.