मधली खुर्ची

“स्पीकरसमोरची मधली खुर्ची माझी, तू कोपऱ्यात बस,” लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तोशिओ फुमिएला म्हणाला होता. तेव्हापासून तीस वर्षं त्यानं “कसं वाटतंय?” विचारायचं आणि तिनं “छान” म्हणायचं. नागोयातल्या त्यांच्या संगीत ऐकायच्या सिमेंटच्या खोलीत न घुमणारा स्पीकर काही मिळेना.

आज दुकानदारानं स्पीकरची चौथी जोडी आणली. घुमणं दबावं म्हणून तोशिओ झोपायची गादी उराशी धरून भिंतीला चिकटला.

“हलू नका मालक, आता तुम्हीच भिंत!” दुकानदार म्हणाला. “बाईसाहेब, खुर्चीत तुम्ही बसा.”

तोशिओची लाडकी तबकडी लागली.

“कसं वाटतंय गं?” गादीमागून आवाज आला.

फुमिएनं डोळे पुसले. “अहो, कोपऱ्यात नुसता धमधमाट यायचा. यात एक बाई गाते, हे मला आज कळलं!”