परतीचा रस्ता

तांडेलकाकांच्या मणक्यातल्या राउटरला नेटवर्क इंजिनिअर इरावतीनं लॅपटॉप जोडला. अपघातात तुटलेल्या नसांचं काम आता तोच करत होता. मेंदूचा हुकूम पोचून पायाची बोटं हलत होती, पण पायाला स्पर्श मात्र कळत नव्हता.

“खालच्या नसाही गेल्यात. आजच काढून टाकू हे यंत्र,” डॉक्टर म्हणाले.

“थांबा हो जरा.” तिनं सेटिंग पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला. घाईत तिनं संदेशांचा मेंदूकडून पायाकडे जायचा रस्ता तेवढा लिहिला होता, परतीचा राहूनच गेला होता. ऑफिसात नवख्यांना ती याच चुकीवरून झापायची.

तिनं एक ओळ टाकली आणि काकांच्या तळव्यावर बोट फिरवलं.

काकांनी पाय झटकन मागे घेतला. “अगं पोरी, गुदगुल्या होतात ना,” ते करवादले.

मग त्यांनी तोच पाय हळूच पुन्हा पुढे केला.