रबरी खाचेतले केस

"नोलीन, काच खाली येईपर्यंत मेंढ्या म्हाताऱ्या होतात बघ," म्हणत पलीकडच्या फार्मवरच्या क्लेमने पिकअप तिच्या गॅरेजमध्ये आणली. नोलीनने डावीकडच्या दाराचं पॅनल उघडलं. मोटर ठणठणीत होती. काच सरकते त्या रबरी खाचेत मात्र वाळकी लाळ आणि तांबडे केस चिकटले होते. तिची मेंढ्या वळणारी तांबडी कुत्री तीन आठवडे बेपत्ता होती. "पुढे कुत्रं बसवतोस का रे?" "छे! कुत्रंच नाही आमच्याकडे, बायकोला शिंका येतात." नोलीनने खाच पुसून काच सरकायला सिलिकॉनचा फवारा मारला आणि स्वतःच गाडी चालवायला बसली. "चल, काच धुळीत चालते का बघू." त्याच्या फाटकाशी गाडी थांबवून नोलीनने बटण दाबलं, क्लेमशेजारची काच सर्रकन उतरली. तिने दोन बोटं तोंडात धरून कुत्रीला शिकवलेली शीळ घातली. लोकरीच्या शेडमागे साखळी खणखणू लागली.